हेमकांत वकिलांची शिफारस

नंदुरबारच्या कोर्टात कुणाला ॲफिडेव्हिट करायचं असेल आणि त्याला घाई असेल, तर त्यानं हेमकांत वकिलांच्या टेबलाकडे फिरकू नये. हे आवारातला चहावालासुद्धा सांगेल. इतर वकील कागद पुढे सरकवतात, बोट ठेवून ‘इथं सही कर’ म्हणतात आणि पुढच्या माणसाकडे वळतात. हेमकांत वकील तो कागद आधी अहिराणीत वाचून दाखवतात. सगळा. मग चष्मा कपाळावर चढवून विचारतात, “हाई तू सोता देखं का?” समोरचा म्हणाला, “देखं नही साहेब, पन गावमा सगळा म्हंतस,” की ते वाक्य गेलंच म्हणून समजा. असं करता करता कागदाचं निम्मं अंग झडून जातं. पक्षकार वैतागतो, बाहेर जाऊन दोन शब्द बोलतो आणि पुढच्या वेळी दुसरा वकील गाठतो.

हेमकांत वकील कोरीटचे, गुजर शेतकऱ्याच्या घरातले. भावांनी केळी लावली, ठिबक टाकलं, माड्या बांधल्या. हे एकटे वकिलीत पडले आणि इतक्या वर्षांत फारसे काही वर आले नाहीत. गावात लोक त्यांच्याविषयी बोलताना ‘माणूस चांगला आहे’ असं म्हणतात, आणि ते म्हणताना जो सूर लावतात त्यावरून ओळखावं की काम दुसऱ्याला दिलेलं आहे. पण एक गोष्ट विरोधी वकीलही मान्य करत. हेमकांतरावांनी उभा केलेला साक्षीदार उलटतपासणीत सहसा ढासळत नसे. ढासळायला आधी काही रचलेलं असावं लागतं, आणि हा माणूस रचूच देत नसे.

ते साक्षीदाराला पढवत नसत, एवढंच नाही. दोन साक्षीदार असले तर एकाचा जबाब होईपर्यंत दुसऱ्याला ते आवाराच्या पार फाटकापाशी नेऊन बसवत, आणि दोघांनी एकमेकांशी त्या विषयावर बोलायचं नाही अशी तंबी देत. कोर्टाचा नियम आहेच तसा, पण नियम पाळणारा माणूस दिसला की लोकांना हसू येतं. बाररूममध्ये त्यांच्या या सवयीवर पुष्कळ विनोद होत आणि हेमकांतरावही त्यात हसत. सवय मात्र सोडत नसत.

अशा माणसाकडे ज्युनिअर म्हणून कोण बसणार? जे बसले ते लवकरच उठले. टिकली ती एक मोहिनी.

मोहिनी धानोऱ्याची. तिचे वडील लोटनभाऊ शेतीपंपाच्या मोटारी भरून देतात. जळालेली मोटर खोलायची, तार नव्यानं गुंडाळायची, चालवून दाखवायची, असं त्यांचं काम. मुलगी लॉ कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असतानाच एक दिवस हेमकांतरावांच्या टेबलापाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली, “सर, मला तुमच्याकडे बसायचं आहे.” ते म्हणाले, “मन्हाकडे कामं कमी शेतस.” ती म्हणाली, “मग शिकायला वेळ जास्त मिळेल.” त्यांनी कपाटाआडची मोडकी खुर्ची काढून दिली. ती खुर्ची तिनं बापाकडून पक्की करून आणली आणि जी बसली ती बसलीच.

पोरगी हुशार होती, पण हेमकांतरावांना तिचं वेगळंच काही आवडायचं. ती विचारायला लाजत नसे. नंदुरबारच्या डोंगरातली माणसं दरवर्षी ऊसतोडीला नवापूर ओलांडून गुजरातेत जातात. तिथं कुणाचा हात कापला, कुणी ट्रॉलीखाली आला, तर भरपाई कुणी द्यायची, मुकादमानं की कारखान्यानं, आणि मागायची कुठे, इकडे की तिकडे, या घोळात माणूस दमून गप्प बसतो. अशा कामांचे कागद हेमकांतरावांकडे येत, कारण त्यात फी नसे आणि इतर कुणी ते घेत नसे. मोहिनी त्या कागदांत रमली. वकिलीची सनद मिळाली तेव्हा तिचं ठरलेलं होतं. तिला याच विषयाचा, घर सोडून कामाला जाणाऱ्या माणसांच्या कायद्याचा, पुढचा अभ्यास करायचा होता. आणि तो जिथं नीट शिकवतात ते विद्यापीठ इंग्लंडात होतं.

तिकडच्या एका ट्रस्टची शिष्यवृत्ती होती. दूरच्या, लहान जागी काम करणाऱ्या तरुण वकिलांना ते लोक एक वर्षासाठी बोलावत. ती मिळाली तर मोहिनी जाणार, नाही तर लोटनभाऊंच्या दुकानातल्या सगळ्या मोटारी विकूनही जाता येणार नव्हतं, हे सगळ्यांना माहीत होतं. इंग्रजीची परीक्षा तिनं सुरतेला जाऊन दिली आणि चांगली दिली. निबंध लिहिला. कॉलेजच्या मॅडमनी एक शिफारसपत्र दिलं. दुसरं हवं होतं तिचं काम जवळून पाहिलेल्या माणसाचं, म्हणजे हेमकांतरावांचं.

इथं सगळं अडलं.

परदेशी शिक्षणाची कामं करणाऱ्या सुरतेच्या एका सल्लागारानं मोहिनीला पत्राचा तयार नमुना दिला होता. “सर, फक्त तुमच्या लेटरहेडवर घ्यायचं आणि सही करायची,” असं म्हणत तिनं तो टेबलावर ठेवला. सगळे तसंच करतात, असं सल्लागारानं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं. हेमकांतरावांनी चष्मा सारखा केला आणि सवयीप्रमाणे ओळीवर बोट ठेवून वाचायला लागले.

“हाई काय शे? ‘माझ्या कारकिर्दीत पाहिलेल्या विद्यार्थ्यांपैकी पहिल्या एक टक्क्यातली.’ मोहिनी, मन्हाकडे आजपावत ज्युनिअर बठ्यात चार-पाच. तेस्ना एक टक्का कसा काढू?”

“सर, ती लिहायची पद्धत असते.”

“बरं. ‘जागतिक दर्जाचे नेतृत्वगुण.’ जग मी देखं नही. मी नाशिकना पुढे गयू नही.”

मोहिनी आधी हसली. मग तिच्या लक्षात आलं की माणूस थट्टा करत नाहीये. त्यांनी नमुना घडी करून परत दिला आणि म्हणाले, “मी लिखी देस. जे देखं ते लिखस. दोन दिन दे माले.”

दोन दिवसांनी त्यांनी जे दिलं ते पाहून मोहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. हेमकांतरावांना शिफारसपत्र लिहिता येत नव्हतं. जन्मात कधी लिहिलं नव्हतं. त्यांना लिहिता येत होतं ते ॲफिडेव्हिट, आणि त्यांनी ॲफिडेव्हिटच लिहिलं होतं. स्टॅम्पपेपरवर, आवारातल्या चुनीलालकडून टाईप करून, नोटरीचा लाल गोल शिक्का मारून. ‘मी, खाली सही करणार, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की’ अशी सुरुवात. पुढे आकडे घालून परिच्छेद. शेवटी ‘वरील मजकूर माझ्या माहितीप्रमाणे खरा आहे’ आणि सही. सगळं कोर्टाच्या इंग्रजीत, ज्यात एक वाक्य पान ओलांडून जातं.

तेही चाललं असतं. पण चौथा परिच्छेद होता.

त्यात जामसिंगची गोष्ट होती. जामसिंग धडगावकडच्या डोंगरातला. उसाच्या चरकात त्याचा डावा हात गेला होता, आणि भरपाईचा त्याचा दावा हेमकांतरावांकडे होता. एकदा कोर्टानं दिलेली पुढची तारीख मोहिनीनं चुकीची टिपली. त्या दिवशी कोणी हजर राहिलं नाही आणि दावा गैरहजेरीत निकाली निघाला. जामसिंग बायकोला घेऊन डोंगर उतरून आला तो त्या चुकीच्या तारखेला. हे सगळं त्या परिच्छेदात तिच्या नावासकट, स्वच्छ लिहिलं होतं. तिनं पुढे काय केलं तेही लिहिलं होतं. पण मोहिनीचे डोळे पहिल्या चार ओळींवरच अडकले.

“सर, शिफारसपत्रात कुणी चूक लिहितं?”

“मंग? ते लिखं नही त पुढलं कसं लिखता येई?”

“ते लोक पहिली ओळ वाचून कागद बाजूला ठेवतील!” ती आता शाळेतली मराठी विसरली. “सर, मन्ही एकच संधी शे ही. तुम्हले समजी नही ऱ्हायनं का?”

“समजी ऱ्हायनं,” हेमकांतराव म्हणाले. “म्हनीसनच खरं लिखं.”

ती कागद न घेताच निघून गेली. पोरगी पहिल्यांदाच टेबलावरून रागानं उठली होती. हेमकांतरावांनी कपाट लावलं, उघडलं, पुन्हा लावलं. आपल्या हट्टापायी लेकराचं वर्ष जाईल की काय, या विचारानं त्यांना त्या दिवशी जेवण गेलं नाही. घरी प्रतिभाताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “एक सही करी देतात त काय कोर्ट बुडी जातं?” तरी सही करायला वकीलसाहेब गेले नाहीत.

मोहिनी परत आली तेव्हा तिच्या हातात दुसऱ्याची सही असलेला नमुना होता. एका मोठ्या संस्थेच्या मोठ्या साहेबांकडे ओळखीनं ती गेली होती. साहेब फोनवर बोलत होते. त्यांनी बोलता बोलताच कागद ओढला, शेवटचं पान उलटलं आणि झोकदार सही केली. फोन ठेवल्यावर मान वर करून विचारलं, “हां, नाव काय म्हणालीस तुझं?”

हे तिनं सांगितलं आणि खुर्चीवर बसली.

“सर, त्या कागदात मी एक टक्क्यातली आहे. आणि सही करणाऱ्याला माझं नाव माहीत नाही,” ती म्हणाली. “तुमचंच पाठवू या. पण तो शिक्का काढा हो.”

मग दोघांत तडजोड झाली. स्टॅम्पपेपर गेला, लाल शिक्का गेला, पानभर लांब वाक्यं तिनं तोडून आखूड केली. परिच्छेदांचे आकडे राहिले. शपथ राहिली. चौथा परिच्छेदही राहिला. ट्रस्टला पत्र पाठवायचं ते हेमकांतरावांनी स्वतःच्या मेलवरून पाठवायचं होतं. ‘पाठवा’वर बोट दाबण्यापूर्वी त्यांनी ते मोठ्यानं वाचलं, जणू मोहिनीच पक्षकार आहे. चौथ्या परिच्छेदात ते आले तेव्हा तिनं तो पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकला.

त्यात लिहिलं होतं की जामसिंग डोंगरात परत गेल्यानंतर चूक कुणाची ते आम्हाला कळलं, तेव्हा मी तिला म्हणालो, त्याला निरोप पाठवू. ती म्हणाली, निरोप नको. दुसऱ्या दिवशी ती एकटी एसटीनं धडगावला आणि तिथून मिळेल त्या जीपनं व पायी त्याच्या पाड्यावर गेली. सगळ्या पाड्यासमोर तिनं त्याला सांगितलं की चूक माझी आहे, तुझी नाही आणि कोर्टाचीही नाही. मग तिनं दावा पुन्हा बोर्डावर घ्यायचा अर्ज लिहिला. त्यात आपली चूक आपल्या नावानं कबूल केली. तो अर्ज मंजूर झाला आणि दाव्याचा निकाल जामसिंगच्या बाजूनं लागला. शेवटचं वाक्य होतं, ‘माझ्या वकिलीत मी असं करणारा दुसरा वकील पाहिलेला नाही, आणि त्यात मी स्वतःही येतो.’

मोहिनी खाली मान घालून बसली. “तुम्ही हाई मालेच कधी सांगं नही,” एवढंच ती म्हणाली.

“तू इचारं कव्हय?” हेमकांतराव म्हणाले आणि बोट दाबलं.

पत्र गेलं आणि काही आठवड्यांनी मोहिनीचं नाव निवडक उमेदवारांत आलं. आता तिची मुलाखत होणार होती. पण त्याआधी ट्रस्टचे लोक शिफारस करणाऱ्यांशी स्वतः बोलणार होते. हे कळल्यावर हेमकांतरावांची गाळण उडाली. इंग्रजी वाचण्यात जन्म गेला होता, पण बोलायची वेळ कुणी आणली नव्हती. कोर्टात ते मराठीत बोलत, भावांशी गुजरीत आणि बाकी सगळ्या जगाशी अहिराणीत. आपल्या तोंडून एखादा शब्द वाकडा गेला आणि त्यात पोरीचं नुकसान झालं तर?

ठरल्या दिवशी दुपारी ते कोरीटच्या घरी ओसरीवर बसले. कोट घातला होता, गळ्यात वकिलांचे पांढरे बँडसुद्धा. प्रतिभाताईंनी गव्हाच्या कोठीवर तांब्या ठेवून त्याला फोन टेकवला आणि बाहेर केळीचा ट्रक भरणाऱ्यांना ओरडून गप्प केलं. पडद्यावर एक वयस्क बाई आल्या. मऊ बोलणाऱ्या, हसऱ्या. त्यांनी कामाबद्दल विचारलं, कोर्टाबद्दल विचारलं. हेमकांतराव अडखळत, थांबत, पण नीट बोलले. त्या बाईंनी चौथ्या परिच्छेदाचाही उल्लेख केला. असं कुणी लिहीत नाही, म्हणाल्या. “आय हॅव रिटन व्हॉट आय सॉ, मॅडम,” हे म्हणाले. प्रतिभाताई दाराआडून ऐकत होत्या. नवरा इतकं इंग्रजी बोलतो हे त्यांना ठाऊक नव्हतं, आणि त्यांची छाती चांगलीच फुगली होती.

मग शेवटचा प्रश्न आला. शिक्षण झाल्यावर मोहिनी परत नंदुरबारला येईल का?

हा प्रश्न कसा आहे हे हेमकांतरावांना पक्कं माहीत होतं. ट्रस्टची सगळी माहिती मोहिनीनं त्यांना वाचून दाखवली होती, आणि त्यात पहिल्याच पानावर लिहिलं होतं की परत जाऊन आपल्या भागात काम करणाऱ्यांना आम्ही निवडतो. ‘हो’ एवढंच म्हणायचं होतं. जगातला कुठलाही शिफारस करणारा ‘हो, नक्की’ म्हणाला असता, आणि कुणी त्याला खोटं म्हटलं नसतं.

“मॅडम,” हेमकांतराव म्हणाले, “दॅट इज नॉट विदिन माय नॉलेज.”

ते माझ्या माहितीतलं नाही. बाईंनी थोडं थांबून पाहिलं, हे पुढे काही बोलतील म्हणून. त्यांना बोलायचं होतंही. जी मुलगी एका तारखेसाठी डोंगर चढून गेली, तिच्याविषयी बरंच काही सांगायचं होतं. पण त्याला लागणारं इंग्रजी वेळेवर जुळेना. बाईंनी आभार मानले आणि पडदा काळा झाला.

“काय इचारं तिनी?” प्रतिभाताईंनी विचारलं. यांनी सांगितल्यावर त्या कपाळावर हात मारून खाली बसल्या. “आहो, ‘येई’ म्हनाले काय लागत व्हतं तुम्हले? पोर काय परकी शे?”

“माले काय म्हाईत ती येई का नही?” हेमकांतराव म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. “पंचवीस-सव्वीसनी पोर. तिले तठे काय दिसी, काय आवडी, मी कसं सांगू?”

मोहिनीची मुलाखत पुढच्या आठवड्यात होती, आणि ते दिवस त्यांच्या आयुष्यातले सगळ्यात वाईट दिवस म्हटले तरी चालेल. कारण तिला तोच प्रश्न विचारणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ‘हा प्रश्न येणार आहे, मी घोटाळा करून बसलोय, तू सावरून घे,’ एवढं सांगितलं असतं तर ती सावरू शकली असती. ती रोज समोर बसत होती. रोज विचारत होती, “सर, तुमचं कसं झालं?” आणि रोज ते म्हणत, “तुन्हा जबाब व्हई जाऊ दे. मंग बोलू.” साक्षीदार पढवायचा नाही, हा नियम त्यांनी आयुष्यभर परक्या माणसांना लावला होता. आता तो घरच्या माणसाला लावायची पाळी आली होती. एका दुपारी तर त्यांनी “मोहिनी, ऐक” म्हणून तोंड उघडलंही. ती वळली. ते म्हणाले, “काही नही. चहा सांग.”

मुलाखत झाल्यावर ती धावत आली. चेहऱ्यावरून काही कळत नव्हतं. “सर, मला त्यांनी असं विचारलं...” इतक्यात हेमकांतरावांनी हात वर केला. निकाल लागेपर्यंत एक अक्षर नको, म्हणाले. मोहिनीला वाटलं, हा त्यांचा नेहमीचा कोर्टाचा शिरस्ता. खरं कारण वेगळं होतं, त्यांना ऐकायची भीती वाटत होती.

निकाल आला तो दिवस बाजाराचा होता. लोटनभाऊंची मोटरसायकल आवारात शिरली ती हॉर्न वाजवतच, आणि मागे मोहिनी पेढ्यांचा खोका छातीशी धरून. पोरगी उतरली, खोका तसाच धरून टेबलापर्यंत आली आणि वाकून पाया पडली. “सर, झालं,” म्हणाली. लोटनभाऊंनी हेमकांतरावांचे दोन्ही हात धरले आणि नुसते हलवत राहिले. आजूबाजूचे वकील, कारकून, टायपिंग सोडून आलेला चुनीलाल, सगळे गोळा झाले. आपल्या कोर्टातली पोर इंग्लंडला जाणार! जे कधी हेमकांतरावांना हसले होते तेही त्यांच्या पाठीवर थापा मारत होते.

हेमकांतराव मात्र उभे होते ते गुन्हेगारासारखे. मोहिनीनं पेढा पुढे केला तर त्यांनी घेतला नाही.

“पहिलं ऐक,” ते म्हणाले. “मंग देवाना व्हई त दे.” आणि त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. तू परत येशील का असं त्यांनी मला विचारलं होतं. मी हो म्हटलं नाही. माझ्या माहितीतलं नाही, असं म्हटलं. तुझं काम माझ्यामुळे जातं की काय म्हणून इतके दिवस मला चैन नव्हती. तुला आधी सांगता आलं असतं, तेही मी सांगितलं नाही.

चुनीलालनं लोटनभाऊंकडे पाहिलं. मोहिनी सरांकडे बघत राहिली, आणि तिच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटायला लागलं, ते हसू होतं की रडू हे तिलाही ठरवता येत नव्हतं.

“सर, मला पण तेच विचारलं,” ती म्हणाली. “तेच तर सांगायला मी त्या दिवशी धावत आले होते. तुम्ही ऐकलं नाही.”

“मंग? काय सांगं तू?”

“मी म्हटलं, जायच्या आधीच परत येईन म्हणून शब्द देणं मला जमणार नाही. मला यायचं आहे, पण येईनच असं आज माहीत नाही. खोटं वाटत असेल तर आमच्या सरांना विचारा. तेही हो म्हणणार नाहीत.” तिनं नाक पुसलं. “त्या बाई एवढ्या हसल्या, सर. माझ्या आधी मुलाखत दिलेले सगळेच्या सगळे ‘नक्की येणार’ म्हणाले होते, असं सांगत होत्या. मी विचारलं, का हसलात? तर म्हणाल्या, तुझ्या सरांना आम्ही विचारून झालंय.”

हेमकांतराव खुर्चीवर बसले. दोन साक्षीदार. एकाला दुसऱ्याचा जबाब माहीत नाही. पढवलेलं कुणी नाही. आणि जबाब शब्दाला शब्द जुळला. आयुष्यभर ते असा जबाब शोधत आले होते. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. त्यांनी ते पुसलंही नाही, कारण लपवण्यासारखं त्यात काही नव्हतं. त्यांना आपल्या पोरीचा अभिमान वाटत होता, आणि तो नंदुरबारच्या भर कोर्टात वाटत होता, याचंही त्यांना बरं वाटत होतं.

गर्दी पांगली, पेढे संपत आले. आता लोटनभाऊ टेबलाशी वाकले, लेकीला ऐकू जाऊ नये असा आवाज काढून, पण ती तिथंच उभी होती आणि तिला सगळं ऐकू गेलं.

“साहेब,” ते म्हणाले, “आते खरं सांगा. पोर परत येई ना?”

बापाचा प्रश्न होता. त्यात ट्रस्ट नव्हता की शिष्यवृत्ती नव्हती. हेमकांतरावांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि क्षणाचाही वेळ घेतला नाही.

“येई.”

मोहिनीनं मुद्दाम खाकरून घेतलं. “सर, विदिन युअर नॉलेज?”

“नही,” हेमकांत वकील म्हणाले, “पन तू लिखी ले.” आणि त्यांनी खोक्यातला पेढा उचलून तोंडात टाकला.